आक्का 'आलं' म्हणेपर्यंत

५ जुलै, शनि.

'उजळ' आजही आलं नाही.

दुपारी चार. उत्तरेची खिडकी, पडदा अर्धा ओढलेला. आक्काला खुर्चीत बसवून दाखवलं. कॉम्प्युटरवर गेममधली पोरगी गुडघ्यावर बसते, जखमी सोबत्याच्या छातीवर तळवा ठेवते. तळव्याखालून हिरवा उजेड निघतो, वर चढताना त्याला हवा लागते आणि तो निळा होतो. होतो म्हणजे व्हायला हवा. आक्का पुढे वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "हिरवंच आहे रे नागू अजून. निळं कुठं आलंय? हवेत राहू दे आणि थोडं."

निळा आणखी चढवला. पुन्हा दाखवलं. "बेडा, नको, घाई नको," म्हणाली आणि उठून गेली.

आमच्या रंगाऱ्यांच्या घरात निळीतून कापड हिरवं निघायचं, हवेत निळं व्हायचं, आणि थोरल्याने 'आलं', म्हणजे रंग जमला, म्हटल्याशिवाय ते शेडबाहेर जात नसे. आमचे वडील, आप्पा, होते तोवर ते. नंतर आक्का, माझी थोरली बहीण. लग्न होऊन बन्नूरला गेली तरी सणाला आली की आधी निळीच्या रांजणांकडे जायची, पिशवी हातात तशीच. रांजणं बुजवली, त्यावर आता माझी स्कूटर उभी असते. आक्का विधवा होऊन परत आमच्याकडे आली. 'आलं' तिच्याकडेच राहिलं. गेमच्या कंपनीत मी मंत्र करतो, म्हणजे मंत्र डोळ्याला दिसतो कसा ते करतो, आणि एकही मंत्र तिच्या शब्दावाचून बाहेर गेलेला नाही. कंपनीत हे कुणाला माहीत नाही. असायचं कारण नाही.

७ जुलै, सोम.

कंपनीत नव्या पोरांना समजावत होतो. मंत्राचे तीन भाग. उचल, सोड, आणि उरतं ते. हात वर जातो, हवा जड होते, ती उचल. मग सोड. पोरांचा सगळा जीव सोडण्यात. ठिणग्या, धूर, पडदा हलला पाहिजे. मंत्र ओळखावा तो मात्र नंतर जे उरतं त्यावरून. आगीचा मंत्र टाकल्यावर गवतावर राख किती वेळ लाल राहते? बर्फाचा मंत्र उतरल्यावर दगड ओला दिसतो की नाही? मी ओला दाखवतो. खेळणारा तिकडे बघत नाही म्हणतात. नाही बघू दे.

हे मला कुणी शिकवलं नाही. लष्कर मोहल्ल्यात गेमचं पार्लर चालवत होतो तेव्हा गिऱ्हाईक गेलं की एकेक मंत्र पुन्हा पुन्हा टाकून बघत बसायचो. पोरं राक्षस मारायची, मी त्या राक्षसाच्या अंगावरचा उजेड बघायचो. मग सॉफ्टवेअर. रात्रंदिवस. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही आणि त्याचं वाईट वाटत नाही.

डेमो सप्टेंबरच्या मध्यावर द्यायचा. पसंत पडला तर पूर्ण गेमचे मंत्र माझ्याकडे. नाहीतर बंगळूरची एक टोळी आहे, ते घाऊक करून देतात. त्यांचं काम पाहिलंय. सगळ्यांत एकच ठिणगी, रंग बदलून.

१२ जुलै, शनि.

सकाळी कुक्करहळ्ळी केरेवर, तळ्याकाठी, फेरी. पाण्यावर धुकं, त्यात बेटावरचे बगळे एकदम उठले. कुणीतरी बोलावल्यासारखे. 'हाक'चा मंत्र असाच पाहिजे. आता आपण वर्तुळ काढतो, वर्तुळातून पशू उगवतो, लिफ्टमधून माणूस यावा तसा. पशू आधीपासून तिथेच असावा, धुक्यात. हाक मारली की फक्त दिसायला लागावा.

घरी येईपर्यंत रस्त्यावर सगळीकडे मंत्रच. शंकराच्या देवळापाशी फुलवाली मोगऱ्यावर पाणी शिंपडत होती, थेंब हवेत थांबल्यासारखे. मांजर गाडीखालून सरकलं, 'सावली-चाल'. सुमाला सांगितलं. बायको म्हणून तिनं ऐकून घेतलं. "बरं. दूध आणलंत का?"

दूध राहिलं होतं.

१५ जुलै, मंगळ.

आज 'उजळ' आलं!

आक्काने तीनदा बघितलं. चष्मा पुसला. मग हात मांडीवर ठेवून म्हणाली, "आलं. बंतु नोडु, आलं." आनंद झाला की ती कानडीत जाते आणि पुन्हा मराठीत येते. "आप्पांच्या पहिल्या रांजणाचं निळं हे. दुसऱ्या बुडीचं नव्हे, पहिल्या."

लगेच पाठवलं.

१८ जुलै, शुक्र.

तपासणाऱ्यांचे शेरे आले. भरत, पिरियापट्टणचा पोरगा, दिवसभर खेळून चुका काढतो. त्यानं कानडीत लिहिलंय की सोबत्याला बरं करायला गेलं की बेकरीतल्या माशा मारायच्या निळ्या मशीनमध्ये डोकं घातल्यासारखं वाटतं.

सगळे हसले. मी पण हसलो. जागेवर येऊन बसलो तेव्हा कान गरम झाले होते.

बाकीचेही तेच. 'बर्फ-बांध' बोचतो. 'राखण' म्हणजे संरक्षणाचं कवच, तेही दवाखान्याच्या ट्यूबलाइटसारखं. आगीबद्दल मात्र कुणाची तक्रार नाही.

शेरे वाचून घेतले. बदललं काही नाही. ज्याचं 'आलं' झालं ते झालं.

२४ जुलै, गुरु.

अनघा आली टेबलापाशी. आमच्या कलाविभागाची प्रमुख, पुण्याची, माझ्या पुतणीच्या वयाची. मराठी बोलायला मिळतं म्हणून माझ्याकडे येते, आणि मग माझं मराठी दुरुस्त करते. आज मात्र अवघडलेली.

"काका, रागावू नका हं. तुमचा मॉनिटर कॅलिब्रेट केलाय ना?"

मी रंगमापक ड्रॉवरमधून काढून तिच्यासमोर काचेवर लावला. तीन ओळी आल्या, तिन्ही एकावर एक. बरोबर.

"मग असं का दिसतंय?"

"कसं दिसतंय?"

"थंड. म्हणजे काका, तुमची हालचाल अप्रतिम आहे. तो उजेड वर चढतो ना, मला रडू येतं दर वेळेला. आणि मग तो असा निळा होतो की मी डोळे बारीक करते."

म्हटलं, बघतो. बघायचं काही नव्हतं.

२८ जुलै, सोम.

आक्कानं ट्रंकेतून आप्पांच्या हातची नीळ काढली. हातभर कापडाचा तुकडा, कडेला ठशाची वेल. मलमलीत गुंडाळून ठेवते, उन्हाला कधी दाखवत नाही. खिडकीपाशी नेऊन तिनं तो उलटापालटा केला.

"उतरली रे. हिरवट झाली, काळवंडली. नीळ कधी अशी उतरत नाही. कसर लागली की काय कोण जाणे."

मला वाटलं, खरंच उतरली असेल. ती म्हणतेय म्हणजे उतरलीच. मी हातात घेऊन बघितली. आता लिहिताना आठवतंय, माझ्या डोळ्याला ती अगदी तशीच दिसली होती, लहानपणी होती तशी. पण मी मान हलवली. तिच्यापुढे माझी मान अशीच हलते.

३ ऑगस्ट, रवि.

हे लिहायला जड जातंय.

देवराज मार्केटमागच्या मॅचिंगच्या दुकानात सुमाला न्यायला गेलो. आक्का तिला नेहमी दोरे निवडून देते, साडीच्या फॉलला, ब्लाउजला. सुमा शिवणकाम घेते, आक्काच्या निवडीवर गल्लीचा विश्वास. दुकानदारानं मला ओळखलं नाही. सुमाला म्हणाला, "अम्मा, आजही बदलायचे का? निळ्याला हिरवा, अल्वा, हो ना?" आणि हसत खोका पुढे केला.

सुमानं माझ्याकडे बघितलं. मी दोऱ्यांकडे. आक्काने गर्द निळ्या साडीला निवडलेला दोरा शेवाळी हिरवा होता.

बाहेर रिक्षाच्या आवाजात विचारलं, कधीपासून?

"बरेच दिवस. ती निवडते, मी बदलून आणते, शिवून टाकते. तिला काय कळतं मग?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ऐकलं असतंत?"

पुढे चालत राहिलो. फुलांच्या गल्लीत शेवंतीचे ढीग. पिवळा, पिवळा, पिवळा. आक्काला सगळं जग हा रंग लागलेलं दिसत असेल का?

४ ऑगस्ट, सोम.

सगळे मंत्र उघडून ओळीनं लावले. आग ठीक, राख ठीक, पहाट ठीक. जिथे जिथे निळं आहे तिथे तिथे मी चढवत गेलोय. 'उजळ', 'बर्फ-बांध', 'राखण', 'सावली-चाल'ची जांभळी कड. तिनं 'अजून' म्हटलं, मी अजून चढवलं. पडद्यावर नजर ठरत नाही. भरत बरोबर बोलला होता.

तिच्या डोळ्यात पडदा आलाय. पिवळा. त्यातून निळं पलीकडे पोचतच नाही.

आणि मी इतके दिवस पडद्यासमोर बसून काय बघत होतो? आक्काचा चेहरा बघत होतो. ओठ हलतात का ते.

९ ऑगस्ट, शनि.

दोन फोल्डर केले. एक 'क', कंपनीसाठी. एक 'आ'.

दुपारी चारला आक्काला 'आ'मधलं दाखवतो. ती म्हणते आलं, मी म्हणतो पाठवतो. मग 'क'मधलं पाठवतो. सुमा चहा ठेवून जाते, कपाची बशी जरा जास्त वाजते. तिला दोऱ्यांचं चालतं, माझं चालत नाही. असं कसं, म्हणून विचारलं तर म्हणाली, "मी दोरा बदलते. तुम्ही तिला खोटं समोर बसवून दाखवता."

डोळे दाखवू या, म्हणून आक्कापुढे विषय काढला होता. उडवून लावला. बन्नूरला तिच्या सासूचा डोळा ऑपरेशननंतर गेला होता, शेवटपर्यंत भिंतीला हात लावत चालायच्या. "मला सगळं दिसतं. तुझ्या शर्टाचं खालचं बटण तुटलंय, ते सुद्धा."

तुटलं होतं.

१७ ऑगस्ट, रवि.

'क' मधलं 'उजळ' आज पुन्हा केलं. परवा केलं होतं ते मोडून. हिरवा उजेड वर येतो, हवा लागते, निळा व्हायला लागतो. कुठे थांबवू? इथे? एक पायरी पुढे? मागे? प्रत्येक बरं दिसतं. प्रत्येक वाईट दिसतं.

अनघाला दाखवलं असतं तर ती म्हणाली असती छान आहे काका. ती सगळ्याला छान म्हणते, नंतर मेल लिहिते.

इतकी वर्षं एकट्यानं शिकलो म्हणून सांगत फिरतो. हात माझा होता हे खरं. कुठे थांबायचं ते कधी ठरवलंय मी? एकदा तरी?

२१ ऑगस्ट, गुरु.

दुपारी डोळा लागला, खुर्चीतच. स्वप्नात आमच्या गेममधलं खोरं, पण वास निळीचा. नदीच्या जागी रांजणं, एकापुढे एक, डोंगरापर्यंत. आप्पा दिसले नाहीत, त्यांचे हात दिसले, कोपरापर्यंत निळे. हात रांजणात बुडाले आणि कापडाऐवजी पाण्यातून एक माणूस वर काढला, आजारी, हिरवा. तो श्वास घ्यायला लागला तसा निळा होत गेला, आणि त्याला बरं वाटत होतं. हे कळत होतं, न सांगता.

कडेला आक्का उभी. परकर-पोलक्यात, शाळेत जायच्या वयाची. मी तिला विचारत होतो, आलं का, आलं का. ती माझ्याकडेच बघत होती, माणसाकडे नाही.

उठलो तेव्हा खिडकीतून ऊन भिंतीवर आलेलं. भिंत कुठल्या रंगाची आहे हे दोन क्षण सांगता येईना.

२४ ऑगस्ट, रवि.

अनघाला सुमाने जेवायला बोलावलं होतं. गौरीच्या आधी एकदा ये म्हणून कधीचं चाललं होतं. चित्रान्न, हुळी, पापड. पोरीला आमचं घर आवडलं. आमचं मराठी ऐकून हसत होती, आक्काही तिच्या 'अगंबाई'ला हसत होती.

जेवण झाल्यावर आक्का म्हणाली, "आमच्या नागूचं काम कसं वाटतं तुम्हाला?"

अनघानं पर्समधून टॅब काढला. मी स्वयंपाकघरात होतो, पाणी भरत होतो. थांबवायला हवं होतं. आवाज ऐकू आला, 'उजळ'चा, तो घंटेसारखा.

मग आक्काचा. "हे आलेलं नाही."

"म्हणजे?"

"हे मी पास केलेलं नव्हे. हे हिरवंच आहे. नागूनं हे पाठवलं?"

"हो, म्हणजे काकांनी गेल्या आठवड्यात हेच... खूप सुंदर झालंय ना? आधीचं फार निळं होतं, डोळ्यांना त्रास व्हायचा सगळ्यांना. आता सगळे खूश आहेत."

मी दारात. हातात तांब्या. आक्कानं माझ्याकडे बघितलं नाही. टॅब अनघाच्या हातात परत दिला, दोन्ही हातांनी, देवाचं ताट द्यावं तसा. "सगळ्यांना," एवढंच म्हणाली.

अनघा गेल्यावर आक्कानं विचारलं, "सगळ्यांना दिसतं ते मला दिसत नाही?"

सुमा आली आणि तिनं शिवणाच्या डब्यातून दोरे आणून आक्काच्या मांडीवर ठेवले. निवडलेले आणि बदललेले. मला वाटलं, हे आता नको होतं. पण कदाचित हेच बरं झालं.

आक्का दोरे खिडकीकडे धरून बघत बसली. दोन रिळं शेजारी शेजारी. तिला दोन्ही सारखीच दिसत होती, ते तिच्या हाताच्या थांबण्यावरून कळत होतं.

२५ ऑगस्ट, सोम.

संध्याकाळी आक्का पायरीवर बसली होती तिथून म्हणाली, "त्या पोरीसमोर मी बोलले. ती मनात काय म्हणाली असेल?"

"ती काही म्हणत नाही आक्का."

"तू माझ्या तोंडातून आलं वदवून घेत होतास आणि बाजूला ठेवत होतास. लहान पोराला खोटं नाणं देतात खेळायला, तसं."

मी खाली बसलो, एक पायरी खाली. स्कूटरखाली जिथे पहिलं रांजण होतं तिथे फरशी अजून जराशी खचलेली आहे. दोघेही तिकडेच बघत होतो.

मग म्हणाली, "कुठल्या दवाखान्यात नेणार आहेस?"

२९ ऑगस्ट, शुक्र.

नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त पिकलेला. डॉक्टरीण तरुण, हसतमुख. "पोरे, पडदा हो, चांगलाच जाड झालाय अज्जी, इतके दिवस काय करत होतात?"

आक्का म्हणाली, "रंग पास करत होते."

आधी उजवा. महिन्याभरानं डावा. परतताना रिक्षात तिनं माझी बाही धरून ठेवली होती. सासूचं एकदाही बोलली नाही. मी सुद्धा नाही.

२ सप्टें., मंगळ.

ऑपरेशन झालं. अर्धा तासही लागला नाही. बाहेर बाकावर बसून मी मनातल्या मनात 'उजळ' टाकत होतो. उचल, सोड. मंत्र पडद्यावर किती सोपा. मॅना, म्हणजे मंत्रशक्ती, खर्च होते, प्राणाची पट्टी भरते, सोबती उठून चालायला लागतो. जी गोष्ट आम्ही क्षणात दाखवतो तिला इथे बाकावर बसलेली माणसं लागतात, थर्मास लागतो, एकानं दुसऱ्याची चप्पल सांभाळावी लागते.

आक्का बाहेर आली. पट्टी. "काय दिसलं?" म्हटलं. "दिवा. खूप मोठा. त्याच्या आत आणि एक दिवा."

हे 'राखण'मध्ये वापरणार आहे.

९ सप्टें., मंगळ.

पट्टी कधीच निघाली, पण काळा चष्मा काढायला तयार नव्हती. आज सकाळी स्वयंपाकघरात आपणच काढला.

पहिली सुमाला हाक. "ही भिंत कधी रंगवलीत? मला न सांगता?"

"रंगवली नाही आक्का. अशीच होती."

"पांढरी?"

"पांढरी."

मग शेगडीमागचा तेलाचा डाग दिसला, मग मिक्सरच्या बुडातला, मग डब्यांची झाकणं. सुमा म्हणते, आंधळी बरी होती. दोघी हसून हसून खाली बसल्या. मी बाहेरून ऐकत होतो, आत गेलो नाही. माझ्यावर नजर पडली तर ती काय बोलेल कळत नव्हतं. पडलीच. बराच वेळ बघून म्हणाली, "मिशीला कलप लावतोस होय रे? आणि तोही चुकीचा. काळा आहे म्हणून लावतोस, जांभळा मारतोय. रंगाऱ्याच्या पोरानं असं करावं!"

दुपारी आप्पांची नीळ काढली ट्रंकेतून. मी पुढे झालो, तशी तिनं हातानं थांबवलं. खिडकीपाशी एकटीच बसली, तुकडा मांडीवर. कसरीचं वगैरे काही बोलली नाही. नंतर मलमलीत गुंडाळताना ती मलमलच डोळ्याला लावली.

१० सप्टें., बुध.

"दाखव आता. मी पास केलेलं आधी."

'आ' फोल्डर उघडलं. 'उजळ'. पोरगी बसते, तळवा, उजेड, वर, हवा, आणि तो निळा.

आक्का खुर्चीत मागे सरकली. "अय्यो नागू! हे मी पास केलं? हे तर बेकरीतलं माशांचं मशीन!"

तिला भरतचा शेरा कुणी सांगितला नव्हता. सुमानेही नाही, मी विचारलं. एवढे हसलो आम्ही दोघं की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

मग तिनं उजवा डोळा तळहातानं झाकला. डाव्यानं, जुन्यानं बघितलं. हसू हळूहळू गेलं. "ह्यानं बघितलं तर बरोबर आहे बघ. अगदी बरोबर." हात बदलला. "मशीन." पुन्हा बदलला. "आप्पांचं निळं."

असं करत बसली. एका डोळ्यानं, दुसऱ्या डोळ्यानं. मंत्र आपला फिरून फिरून चालू. पडद्यावरचा सोबती दर वेळी बरा होत होता.

१३ सप्टें., शनि.

दवाखान्यातून फोन. डाव्या डोळ्याची तारीख. आक्कानं सुमाच्या हातातून फोन घेतला, म्हणाली, आत्ता नको, कळवते.

का, विचारलं. भीती नाही म्हणे. "राहू दे एक. त्या डोळ्यात अजून शेडमधलं ऊन आहे. संध्याकाळचं, चुन्याच्या भिंतीवरचं. तो काढला की ते कुठं बघू?"

सुमा म्हणते, समजवा तिला, एका डोळ्यानं पायरी चुकते, पडेल कधीतरी. बरोबर आहे तिचं. काल उंबऱ्याला ठेचकाळलीच. डॉक्टरीणही म्हणाली, फार लांबवू नका.

समजवायला बसलो आणि उठलो. मी कुठल्या तोंडानं सांगू? अनघाचे दोन निरोप येऊन पडलेत, सोमवारी दुपारपर्यंत शेवटचं 'उजळ' पाहिजे. बाकीचे मंत्र गेले. हाच राहिलाय.

१५ सप्टें., सोम.

घरूनच काम. पाऊस नाही, ऊनही नाही, चामुंडीच्या डोंगरावर ढग बसलेले. रंग बघायला असा उजेड वर्षातून थोडेच दिवस मिळतो.

आक्काला खिडकीपाशी बसवलं. तिनं आपणहून एक हात वर केला, डोळा झाकायला, मग खाली ठेवला. दोन्ही उघडे. 'क' मधलं नवं लावलं. रात्री झोपण्याआधी मनात ठरवलेलं, सकाळी केलेलं. तळव्याखाली हिरवं. वर चढतं. हवा लागते. मी ते लगेच निळं होऊ देत नाही आता. मध्ये एक जागा ठेवलीय, जिथे ते धड हिरवं नाही, धड निळं नाही, आणि आजारी माणसाचा पहिला श्वास तिथे येतो.

"आलं?" मी विचारलं.

आक्का पुढे वाकली. पुन्हा फिरवलं.

"आक्का, आलं का?"

"मला दोन दिसतात रे," ती म्हणाली. "एकमेकांवर. एक इथलं, एक तिथलं. तुला काय दिसतं ते सांग."

मी तिच्याकडे बघायला वळलो, सवयीनं. तिनं हात पुढे करून माझी हनुवटी धरली आणि पडद्याकडे फिरवली, लहानपणी केस विंचरताना फिरवायची तशी.

बघितलं. उजेड निघाला. वर चढला. ढगांचा उजेड पडद्यावर, पडद्याचा भिंतीवर. अनघाचा फोन वाजून थांबला. सुमा दारात कधी आली कळलं नाही.

"हवेत राहू दे," मी म्हणालो. "अजून थोडं."

"हं," आक्का म्हणाली.

तिघं बघत बसलो आहोत. वही मांडीवर घेऊन लिहितोय. फिरतंय अजून.